टपोरे डोळे

आमच्या धरमतरला कोणाच्या घरी मूल जन्मले की बाया आधी रंग पाहतात, मग नाक आणि मग डोळे. माझी धाकटी बहीण जन्मली तेव्हा रंग आणि नाक दोन्ही मागे राहिले. जो तो तिचे डोळेच पाहू लागला. काळेभोर, पाणीदार, एवढ्याशा चेहऱ्यावर न मावणारे डोळे! शेजारची काकू तर दारातूनच ओरडली, "कवरे मोठे डोले हान गो पोरीचे!" आजीने लगेच मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. मी तेव्हा नववीत होते. चौदा वर्षे एकटीच वाढल्यानंतर मिळालेली बहीण, आणि तीही अशी टपोऱ्या डोळ्यांची. शाळेत मी चार दिवस दुसरे काही बोललेच नाही.

घरात आम्ही तिला छकुली म्हणतो. इथेही तेच नाव राहू दे.

छकुलीचा जन्म फेब्रुवारी 2020 मधला. पुढच्याच महिन्यात सारे जग दाराआड गेले. वडखळ नाक्यावर पोलीस, पेणला जाणाऱ्या गाड्या बंद, बाजार दोन तासांचा. डोलवीच्या पोलाद कारखान्याची जेटी तेवढी चालू होती, कारण भट्टी विझवता येत नाही म्हणे. बाबा बार्जवर कामाला. ते आले की आधी विहिरीवर आंघोळ करत आणि मग उंबऱ्याशी बसून लांबूनच लेकीला पाहत. छकुली मात्र त्यांच्याकडे पाहत नसे. ती कोणाकडेच फारसे पाहत नसे. दिवस उजाडला की डोळे गच्च मिटून आईच्या पदरात तोंड खुपसायची. डोळ्यांतून सारखे पाणी. आम्ही ते पदराने टिपायचो आणि पुन्हा कौतुक करायचो. कौतुक करता करता माणूस पाहायचे विसरतो, हे मला फार उशिरा कळले.

एप्रिलच्या अखेरीस आई तिला कशीबशी एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथे सांगितले, लहान मुलांची अश्रूंची नळी कधी कधी बंद असते, नाकाच्या बाजूला बोटाने चोळत राहा, वर्षाच्या आत उघडेल. यात खोटे काही नव्हते. पुष्कळ मुलांचे डोळे अशाच कारणाने वाहतात आणि चोळून बरे होतात. म्हणून आई रोज चोळत राहिली. पण नळी बंद असलेले मूल उजेडाला घाबरत नाही, ही एक गोष्ट त्या दिवशी कोणी विचारली नाही आणि आम्हीही सांगितली नाही.

3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. खाडीचे पाणी बांधाला धडका देत होते आणि आमच्या पडवीचे पत्रे एकामागून एक उडत होते. आम्ही सगळे आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलो. वीज गेली होती, दारे-खिडक्या बंद होत्या, भर दुपारी काळोख. बाहेर झाडे मोडत होती आणि त्या काळोखात छकुली डोळे सताड उघडून हसत होती. चार महिन्यांची पोर, वादळाच्या आवाजाने रडायची ती खुदुखुदु हसते आहे! आजी म्हणाली, देवाघरचे मूल आहे, त्याला कसली भीती. दुसऱ्या दिवशी सकाळी उडालेल्या पत्र्यांच्या जागेतून ऊन थेट घरात आले आणि तिने किंचाळून डोळे मिटले ते दिवसभर उघडले नाहीत. या दोन गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे माझ्या मनातही आले नाही. तिला वादळ आवडले नव्हते. तिला काळोख आवडला होता. उजेड तिला बोचत होता.

हे ज्याच्या ध्यानात आले तो माझा मामा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत त्याने हयात घालवली. हमरापूर-जोहे भागात घरोघर मूर्ती होतात हे आपल्या महाविद्यालयात कोणाला सांगायला नको. साचा काढणारे पुष्कळ, रंग देणारेही पुष्कळ, पण डोळ्यांची आखणी करणारे थोडे. मामा आखणी करतो. त्या वर्षी टाळेबंदीने आणि उंचीच्या मर्यादेने धंदा बसला होता. 20 ऑगस्टला जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या एस.टी. गाड्या पुन्हा सुरू झाल्या आणि गौरी-गणपतीला मामा आमच्याकडे आला. मार्चनंतर त्याने भाचीला प्रथमच पाहिले. तिला मांडीवर घेऊन त्याने दाराकडे पाठ केली, तिच्या तोंडावर हाताची सावली धरली आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग आईला म्हणाला, "दोन डोले सारके नाय हान. डावा मोठा हाय. न् त्याच्यावर धूर हाय."

आईला राग आला. सणासुदीच्या दिवशी असे बोलतात का! पण मामाने रोज शेकडो डोळे मापात काढलेले. डाव्या-उजव्या डोळ्यात केसाएवढा फरक पडला तर गिऱ्हाईक मूर्ती उचलत नाही. त्याने आम्हाला उजेडाशी नेऊन दाखवले. खरोखरच डाव्या बुबुळावर निळसर करडी छटा होती, आरशावर श्वास सोडावा तशी. ती आम्ही रोज पाहत होतो आणि पाहिली नव्हती.

पनवेल आणि तिथून मुंबई. स्वाबची तपासणी, मास्क, रांगा. रुग्णालयात तिला भूल देऊन तपासले, कारण एवढे मूल डोळे उघडून थोडेच बसणार! बाहेर येऊन डॉक्टरबाईंनी एक शब्द उच्चारला : जन्मजात काचबिंदू. बाबा म्हणाले, "मॅडम, तो म्हाताऱ्या माणसांचा ना?" आम्हालाही तेच वाटत होते. काचबिंदू म्हणजे आजोबांचा रोग. सात महिन्यांच्या मुलीला तो कसा होईल?

डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगते. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या चाळणीतून सतत बाहेर जातो. आमच्या भाषेत सांगायचे तर खारजमिनीत पाणी आत येते आणि उघाडीतून बाहेर जाते तसे. उघाडी तुंबली की शेतात पाणी चढते. डोळ्यातही तसेच, दाब वाढतो. साधारण 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब डोळ्याला मानवतो. छकुलीच्या डाव्या डोळ्यात तो 34 होता. मोठ्या माणसाच्या डोळ्याची भिंत टणक असते, ती ताणली जात नाही. म्हणून त्याचा काचबिंदू बाहेरून दिसत नाही, आतली नस मात्र मरत जाते. तान्ह्या मुलाचा डोळा मऊ असतो, साधारण तीन वर्षांचे होईपर्यंत तो दाबाने फुग्यासारखा वाढतो. नवजात बालकाच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला शास्त्रात पारपटल म्हणतात, सुमारे 10 मिलिमीटर रुंदीचा असतो. पहिल्या वर्षात तो 12 च्या पुढे गेला तर शंका घ्यावी. छकुलीचा डावा 13 होता. या मोठ्या डोळ्याला वैद्यकात ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ बैलाचा डोळा.

म्हणजे आम्ही ज्याला सौंदर्य म्हणत होतो ती सूज होती! ज्या दिवशी काकू दारातून ओरडली त्या दिवशी रोगच आम्हाला आपले तोंड दाखवत होता आणि आम्ही त्याची दृष्ट काढत होतो.

पाणी, उजेडाची भीती, गच्च मिटलेल्या पापण्या : ही तीन लक्षणे एकत्र आली की तान्ह्या मुलाला त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे, असे त्या म्हणाल्या. यावर खरा उपाय शस्त्रक्रियाच. थेंबांनी फक्त वेळ निघतो. पूर्वी या मुलांपैकी बहुतेक आंधळीच होत. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑटो बारकन या डॉक्टरांनी 1930 नंतरच्या दशकात ती तुंबलेली चाळणी आतून उघडण्याची शस्त्रक्रिया बसवली आणि मग पुष्कळांची दृष्टी वाचू लागली. 1960 च्या सुमारास बाहेरच्या बाजूने वाट काढण्याची पद्धत आली. पारपटल इतके धूसर असेल की आतले दिसतच नाही, तेव्हा ती उपयोगी पडते. छकुलीच्या दोन्ही डोळ्यांवर सप्टेंबर अखेर तशीच शस्त्रक्रिया झाली. उजवा डोळा महिन्याभरात काचेसारखा स्वच्छ झाला. डाव्याचा दाब उतरला, पण धूर पूर्ण गेला नाही. पडदा ताणताना त्याच्या आतल्या अस्तराला चिरा पडल्या होत्या. त्या रेषा आता कायमच्या.

त्याच दिवशी आणखी एक प्रश्न विचारला गेला. "तुमचं लग्न नात्यातलं का?" आईने मान खाली घातली. आई ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे यात वावगे काही नाही, उलट घरातली मुलगी घरात आली म्हणून आनंद. डॉक्टरबाईंनी सावकाश सांगितले. बहुतेक वेळा हा रोग अशा जनुकाने येतो की त्याची एक खराब प्रत अंगात असली तरी माणसाला काही होत नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन खराब प्रती एकाच मुलाला मिळाल्या तरच तो दिसतो. नात्यात लग्न झाले की तीच प्रत दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. अशा आईबापांच्या प्रत्येक मुलाला चारात एक एवढा धोका. "यात कुणा एकाचा दोष नाही," त्या म्हणाल्या, "निम्मं इकडून, निम्मं तिकडून."

पण घरी दोष आधीच वाटून झाला होता. 26 डिसेंबर 2019 ला सूर्यग्रहण होते. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, आई सात महिन्यांची गरोदर. नैवेद्याची भाजी चिरायला घेतली तेव्हा ग्रहण सुटायचे होते. आजीने तेव्हाच हटकले होते. मुंबईहून परत आलो त्या रात्री ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "गिरानात भाजी चिरलीस तू. मी नको बोलली व्हती." आई काही बोलली नाही. नंतरही कधी बोलली नाही. मी मात्र हिशेब करत बसले. आजी म्हणजे आईची सख्खी आत्या. आईकडे आलेले आणि बाबांकडे आलेले एकाच झाडावरून आले असेल, तर ते आजीच्या आईबापांकडून, आजीच्या अंगातून वाहत आले होते. एक दिवस मी कागदावर वंशवृक्ष काढून तिला हे दाखवले. दाखवायला नको होते असे आता वाटते. ती कितीतरी वेळ त्या कागदावर बोट ठेवून बसली. त्यानंतर तिने ग्रहणाचे नाव काढले नाही, पण छकुलीला मांडीवर घेतानाही ती थोडी बिचकू लागली.

चार वर्षे ठीक गेली. रोज थेंब, तीन महिन्यांनी मुंबई, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून डाव्याला कामाला लावण्याची रोजची रडारड. चांगला डोळा झाकला नाही तर मेंदू वाईट डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. छकुली अंगणवाडीत जाऊ लागली, टोपी घालून बांधावरून धावू लागली. आणि मग 2024 च्या नारळी पौर्णिमेची दुसरी सकाळ आली.

आदल्या संध्याकाळी खाडीला नारळ देऊन आम्ही परत आलो, नारळीभात खाल्ला आणि दमून झोपलो. छकुली माझ्या कुशीत. रात्री केव्हातरी मी कूस बदलली आणि माझे कोपर कशावर तरी आपटले. छकुली "आई गं" म्हणून कण्हली. मी झोपेतच तिला थोपटले. ती झोपली, मीही झोपले. सकाळी आईची हाक आली, आणि त्या हाकेत काय होते ते मी लिहू शकत नाही.

छकुलीच्या डाव्या डोळ्यात रक्त होते. डोळा लाल होणे आपण सर्वांनी पाहिले आहे. ते पांढऱ्या भागात असते. हे पांढऱ्यात नव्हते, काळ्यात होते. बुबुळाच्या खालच्या कडेपासून मध्याच्या दिशेने चढलेली, जांभळासारखी गडद लाल कोर. छकुली मात्र म्हणत होती, "दुखत नाही."

मुंबईला जाईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते. एक वर्षापूर्वी मी कुठेतरी वाचले होते की इटलीचा विख्यात गायक आंद्रेआ बोचेल्ली हा असाच जन्मजात काचबिंदू घेऊन 1958 मध्ये जन्मला. त्याला थोडे दिसत असे. बाराव्या वर्षी फुटबॉल खेळताना डोळ्याला मार बसला, आत रक्तस्राव झाला आणि होती नव्हती ती दृष्टी गेली. तेव्हा मी ही गोष्ट घरात कौतुकाने सांगितली होती, की बघा, तरी केवढा मोठा गायक झाला! त्या सकाळी मला तो गायक आठवला नाही. फक्त चेंडू आठवला. आणि माझे कोपर.

डॉक्टरबाईंनी आधी छकुलीला बसवून पाहिले, मग निजवून, मग पुन्हा बसवून. नंतर त्यांनी उलगडून सांगितले. बुबुळापुढच्या पाण्यात रक्त उतरले तर ते पाण्यासारखे वागते. बसले की तळाशी साचते, निजले की पसरते. छकुलीची लाल कोर जागची हलली नाही. मग त्यांनी यंत्रातून उजेडाची एक बारीक उभी फट तिच्या डोळ्यावर टाकली. त्या फटीत पारपटलाची जाडी पावाच्या कापासारखी आडवी दिसते. रक्त त्या कापाच्या आत होते, पडद्याच्या थरांच्या मध्ये.

आता गंमत अशी, की निरोगी पारपटलात रक्त नसतेच. शरीराच्या बहुतेक सगळ्या भागांत रक्तवाहिन्या पोहोचतात, पण डोळ्याच्या या खिडकीत निसर्गाने एकही ठेवली नाही. रक्तवाहिनी असेल तर तिची सावली पडेल आणि काच काच राहणार नाही. हवेतला प्राणवायू आणि मागचे पाणी यांवर हा पडदा जगतो. जिथे रक्तच नाही तिथे रक्तस्राव कसा? याचे उत्तर चार वर्षांपूर्वीच्या चिरांमध्ये होते. फार दिवस सुजलेल्या, जखमी पडद्याला जगवण्यासाठी डोळ्याच्या कडेकडून बारीक बारीक नव्या वाहिन्या आत शिरतात. त्या मदतीला येतात, पण नाजूक असतात. त्यांच्या भिंती कच्च्या. एखादी फुटली की रक्त थरांमध्ये अडकून बसते, कारण तिथून वाहून जायला वाट नाही.

"असं फार क्वचित दिसतं," त्या म्हणाल्या. डोळ्याचे छायाचित्र घेतले गेले. मग शिकाऊ डॉक्टर एकामागून एक आले, वाकले, पाहिले. एकजण हलकेच "वा!" म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. आपणही कवितेतली दुर्मीळ प्रतिमा पाहून असेच म्हणतो. पण छकुलीने माझा हात धरला आणि विचारले, "ताई, हे सगळे काय बघतात?" पूर्वी ज्या डोळ्यांकडे सगळे पाहत होते त्यांच्याकडे पुन्हा सगळे पाहत होते. मला उत्तर सुचले नाही.

उपाय काय? डोळ्याचा दाब ताब्यात ठेवणे, थेंब टाकणे, रात्री डोळ्यावर कवच बांधणे, चोळू न देणे आणि वाट पाहणे. घाईने काही करू नये. आधी आठवड्याने, मग महिन्याने दाखवायचे. त्या काळात पट्टीही थांबली. मी एक वही केली आणि दर रविवारी डोळ्याचा रंग लिहू लागले. जांभळा. मग विटकरी. मग गंजासारखा. मग हळदीचा डाग धुतल्यावर उरतो तसा. डॉक्टरबाईंनी सांगितले होते तसेच झाले. रक्त कडेकडून मध्याकडे ओसरत गेले, ओहोटीला पाणी कडा उघड्या टाकत आत सरते तसे. दिवाळी गेली, संक्रांत गेली, 2025 ची होळी आली तेव्हा मूळच्या धुरापलीकडे एक फिकट पिवळी रेघ तेवढी उरली होती.

पण माझ्या वहीत जे लिहिलेले नव्हते ते ओसरत नव्हते. तिसऱ्या खेपेला आई औषधे आणायला गेली असताना मी डॉक्टरबाईंना विचारले, "मॅडम, झोपेत कोपर लागलं तर असं होईल का?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, त्या 'छे, छे' म्हणतील. त्या म्हणाल्या, "होऊ शकतं. आणि काहीही न लागता, नुसतं डोळा चोळूनही होऊ शकतं. तिच्या डोळ्यातल्या वाहिन्या कधीतरी फुटणार होत्या. त्या रात्रीच का फुटल्या हे मला सांगता येणार नाही, आणि कुणालाच येणार नाही." एवढे बोलून त्या थांबल्या, मग म्हणाल्या, "तू लगेच आणलीस हे मला माहीत आहे."

खोटा दिलासा देणे सोपे होते. त्यांनी तो दिला नाही म्हणून आजही त्यांचे प्रत्येक वाक्य मला खरे वाटते.

त्या रात्री मी आईला सांगितले. ती भांडी घासत होती. हात तसेच राखेत ठेवून ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग चक्क हसली. म्हणाली, "म्हंजे आता आपुन दोघी झालो. माजी गिरानातली भाजी न् तुजा कोपर!" पाच वर्षे तिने ती भाजी मनात जपून ठेवली होती! डॉक्टरबाईंनी इतके समजावले, आमच्या शास्त्राच्या सरांनी सांगितले, तरीही. ओसरीवर पडलेल्या आजीने हे ऐकले असावे. ती उठून आत आली आणि आईच्या हातातले पातेले घेऊन स्वतः घासू लागली. तिघी काही बोललो नाही. भांडी मात्र त्या दिवशी लवकर झाली.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. हैदराबादला 1987 पासून एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था आहे. तिथल्या डॉ. अनिलकुमार मंडल यांनी आयुष्यभर अशाच मुलांच्या डोळ्यांवर काम केले. 2003 मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या पाहणीत सुमारे 3300 जन्मांमागे एक मूल असे आढळले होते, तर पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण साधारण 10,000 मागे एक असे सांगतात. जिथे नात्यात लग्ने फार तिथे आकडा वाढतो. या रोगाचे सर्वांत महत्त्वाचे जनुक 1997 मध्ये सापडले. आणि याच वाचनात एक वाक्य मला भेटले : अशा घरातल्या निरोगी भावंडाच्या अंगात ती एक खराब प्रत असण्याचा संभव तीनात दोन.

निरोगी भावंड म्हणजे मी.

आत्याच्या मुलाचा आणि माझा विषय घरात माझ्या दहावीपासून अधूनमधून निघतो. मुलगा चांगला आहे, लहानपणापासून माझ्याशी चांगला वागतो, म्हणून तर नकार देणे अवघड. एका संध्याकाळी बाबा कामावरून आले तेव्हा मी त्यांना पडवीत बसवून तोच वंशवृक्षाचा कागद काढला. आजोबा-आजीच्या जागी वर्तुळे, निम्मी काळी केलेली. बाबा चौथी शिकलेले, पण बार्ज कोणत्या ओहोटीला अडकेल हे ते पाण्याकडे पाहून सांगतात. त्यांनी सगळे ऐकले. जेटीवरचे दिवे लागले होते आणि छकुली सवयीप्रमाणे दिव्यांकडे पाठ करून खेळत होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आक्काला मी सांगतो. तू नको सांगू." आक्का म्हणजे आत्या. त्यांनी तिला काय सांगितले ते मला ठाऊक नाही. यंदा गौरीला आत्या आली नाही. पुढच्या वर्षी येईल, असे आई म्हणते.

छकुली आता शाळेत जाते. उजव्या डोळ्याने तिला चांगले दिसते, डाव्याने बोटे मोजता येतात. पहिल्या बाकावर बसते, उन्हात टोपी घालते, चेंडू खेळताना चष्मा घालते. यापुढे काय होईल याची खात्री कोणी देत नाही. दाब पुन्हा वाढू शकतो, म्हणून तपासणी जन्मभर आहे. मामाच्या कारखान्यात गेली की ती मूर्तींच्या अगदी जवळ तोंड नेऊन डोळे पाहते आणि म्हणते, "मामा, हा डोळा मोठा झाला." एकदा तो खरोखरच मोठा झाला होता. मामाने तो पुसून पुन्हा काढला.

गेल्या महिन्यात मी वडखळहून पेणला येत होते. एस.टी.त शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती. मांडीवर चार-पाच महिन्यांचे मूल. पदराने तोंड झाकलेले. पदर सरकला तसे मुलाने ऊन लागताच डोळे गच्च मिटले. पापणीखालून पाणी आले. मागच्या बाकावरची एक आजी म्हणाली, "काय टपोरे डोळे आहेत गं बाळाचे!" ती बाई लाजून हसली.

मी गप्प बसले. अनोळखी बाई, तिच्या मुलाला काही नसेलही, भरल्या गाडीत असे कसे बोलावे! बराच रस्ता मागे पडला तरी मी गप्पच होते. मग मामा आठवला. सणाच्या दिवशी, बहिणीच्या रागाची पर्वा न करता, त्याने दाराकडे पाठ करून पोरीच्या तोंडावर सावली धरली होती. मीही बाळाच्या तोंडावर हात आडवा धरला. बाळाने सावकाश डोळे उघडले.

"ताई," मी म्हटले, "रागावू नका, पण एक विचारू का?"